खोगिराएवढी बधिर जागा

"शेवटची लघवी कधी झाली?" डॉक्टरांनी विचारलं.

मला सांगता येईना. मी प्रशांतकडे, माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, जणू त्याला ते माहीत असणार होतं. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत मी कुशीवर पडले होते. पोट दगडासारखं टणक झालं होतं. डॉक्टरांनी हातमोजे घातले, पडदा ओढला आणि पिन घेऊन माझ्या मांड्यांच्या आतल्या बाजूला तपासायला सुरुवात केली. मी थोडा वेळ वाट पाहिली आणि विचारलं, "तुम्ही टोचायला कधी लागणार?"

त्यांचा हात थांबला. "मी केव्हाचा टोचतोय," ते म्हणाले.

एमआरआय झाला. त्याचा रिपोर्ट टाइप होऊन यायच्या आधीच सर्जन स्वतः आले. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं: कॉडा इक्वायना सिंड्रोम. पाठीच्या कण्याच्या शेवटी नसांचा एक जुडगा असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. पाय हलवणं, लघवी, शौच, सगळं या नसांच्या हातात. माझ्या कमरेतल्या दोन मणक्यांमधली गादी फुटून त्या जुडग्यावर येऊन बसली होती. घोड्यावर बसल्यावर खोगीर जिथे टेकेल तेवढी माझी सगळी जागा बधिर झाली होती. त्याला सॅडल अनेस्थेशिया म्हणतात.

"आत्ताच ऑपरेशन करावं लागेल," सर्जन म्हणाले. "दाब मी काढू शकतो. ज्या नसा अजून जिवंत आहेत त्या वाचतील. ज्या गेल्या असतील त्यांचं मला आज काही सांगता येणार नाही."

हे लिहायचं कारण एकच. असं काही होतं हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला तरी माहीत असावं.

मी भिवंडीत राहते. पूर्णा गावातल्या एका मोठ्या गोदामात परत आलेल्या मालाच्या विभागात शिफ्ट इनचार्ज आहे. आर्याच्या, माझ्या मुलीच्या जन्मानंतर वजन वाढत गेलं. साखरही काठावर आली, तेव्हा आमच्या फॅमिली डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं. घराजवळच्या जिममध्ये बायकांची वेगळी बॅच होती. मी जायला लागले, रात्री फक्त काकडी खाऊ लागले. वजन भराभर उतरलं. गोदामात सगळ्या विचारायच्या, वैशाली ताई, काय करता?

खरं सांगायचं तर मला वजन उतरण्यापेक्षा वजन उचलणं आवडायला लागलं होतं. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा लोखंडी बार वाकून कमरेपर्यंत उचलायचा. तो उचलला की मला वाटायचं, हे अंग माझं आहे.

मग डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ यायला लागली. ट्रेनरना सांगितलं तर ते म्हणाले, "सायटिका है, मॅडम. स्ट्रेचिंग से खुल जाएगा." फॅमिली डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. कळ दबली आणि बारला वजनाच्या चकत्या वाढत गेल्या. एका शनिवारी बार उचलताना कमरेत काहीतरी सटकलं. मी तिथेच बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पाय जड झाले होते.

सासूबाई गावी, दिघाशीला असतात. आम्ही त्यांना आईच म्हणतो. त्या आल्या आणि म्हणाल्या, "गणेशपुरीच्या कुंडात बस. गरम पाण्यानं मोकला होल." त्यांचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. आमच्याकडे कंबर धरली की सगळेच कुंडावर जातात.

बायकांच्या कुंडात पायऱ्या उतरताना पोटरीला चटका बसला. मी हळूहळू खाली बसले. कमरेच्या वर पाणी गरम लागलं आणि मधे काहीच लागलं नाही. मी हात खाली नेला. हाताला पाणी पोळत होतं, पण हात जिथे टेकला ती कातडी दुसऱ्या कुणाची तरी होती. आई काठावरून विचारत होत्या, "बरा वाटतं ना?" मी हो म्हणाले. बाहेर आल्यावर लघवीला बसले. पोट तुडुंब भरलेलं आणि थेंबही येईना.

भिवंडीतल्या एका डॉक्टरीण बाईंनी ऐकताक्षणी खुर्ची मागे सारली. "घरी जाऊ नका. असेच ठाण्याला जा," त्या म्हणाल्या. आम्ही शेजाऱ्यांच्या गाडीतून निघालो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. रविवार असूनही गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती. प्रशांत खाली उतरून ट्रकवाल्यांना हात जोडत होता, "भैया, थोडा साइड दो, पेशंट है." मी मागच्या सीटवर आईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. मला काय झालंय ते त्यांना कळत नव्हतं, पण त्या सारख्या खिडकीतून डोकावून किती राहिलं ते विचारत होत्या.

त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं.

शुद्धीवर आले तेव्हा पायांतली कळ गेली होती. उजवा पाय हलला. डावं पाऊल उचलेना, पुढून लोंबत होतं. त्याला फूट ड्रॉप म्हणतात. लघवीची नळी लावलेली होती. काही दिवसांनी सिस्टरनी ती काढली आणि म्हणाल्या, "आता स्वतः करून बघा." नळ सोडला, मांडीवर पाणी ओतलं, मी तासभर बसून राहिले. झाली नाही. नळी परत लावली. पुन्हा काढली. पुन्हा तेच.

शेवटी सिस्टरनी मला सीआयसी शिकवलं. म्हणजे दर काही तासांनी हात धुऊन, आरसा धरून, पातळ नळी स्वतःच आत घालायची, मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी काढायची. पहिल्यांदा माझ्या हातून आरसा खाली पडला. "कधीपर्यंत?" मी विचारलं. सिस्टर आरसा पुसत राहिल्या. सर्जनना विचारलं तर ते म्हणाले, "नसा फार हळू भरून येतात. काहींना वर्ष लागतं, काहींना दोन. काहींचं येत नाही."

घरी आल्यानंतरचे महिने मला कुणालाही द्यावेसे वाटत नाहीत. लघवीपेक्षा शौचाचा त्रास जास्त होता. कधी झाली ते कळायचंच नाही. आर्या जवळ आली की मी तिला लांब ढकलायची, तिला वास येईल म्हणून. नवरा-बायकोमधलं जे असतं तेही त्या खोगिराखालीच गेलं होतं. प्रशांत त्यावर एक शब्द बोलला नाही. माझ्या कमरेला धक्का लागू नये म्हणून खाली चटईवर झोपायचा. त्याचं न बोलणंही मला सहन व्हायचं नाही. "दुसरं लग्न कर," मी एकदा म्हणाले. तो ताटावरून उठून गेला आणि गॅलरीत उभा राहिला. मी त्याला पाठमोरं रडताना पाहिलं.

लघवी साठू नये म्हणून मी पाणी पिणं सोडलं. त्यातून इन्फेक्शन झालं, थंडी वाजून ताप भरला आणि पुन्हा ॲडमिट व्हावं लागलं. ही चूक तुम्ही करू नका. पाणी प्या. नळी वेळेवर घाला.

बुद्ध पौर्णिमेला दिघाशीला गेलो. आईंचा आग्रह होता. विहारात सगळ्या पांढऱ्या साड्यांत बसलेल्या, मीही. वंदना चालू असताना शेजारची बाई सरकून बसली. मग माझ्याही नाकाला कळलं. मला उठता येईना, कारण उठले असते तर साडी सगळ्यांना दिसली असती. आईंनी पाहिलं. त्या उठल्या, माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या, स्वतःचा पदर माझ्याभोवती घेतला आणि मला चिकटूनच घरी घेऊन गेल्या.

मोरीत त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि धुवायला लागल्या. मी म्हणत होते, आई, नको, तुम्ही नको.

"गप," त्या म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याचा धुतला, तुझ्या पोरीचा धुतला. तुझा धुवाया मना काय जड हाय?"

"मला जगायचं नाही, आई."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाल्या, "असा बोलू न्हाय, असा मी सांगनार न्हाय. बोल. पन माज्याजवल बोल. एकटी बसून बोलू नको."

मला पेटीतली त्यांची धुवट साडी नेसवून त्या विहारात परत गेल्या. कुणी विचारलं तर त्यांनी काय सांगितलं, ते मला आजवर माहीत नाही.

त्या रात्री त्यांनी प्रशांतला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो मला मानसोपचार डॉक्टरांकडे घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या. कण्याच्या दुखण्यात मनाचाही कणा मोडतो आणि त्यालाही डॉक्टर असतात. तुमच्या मनात तसे विचार येत असतील तर ज्याच्याजवळ तोंड उघडेल त्याच्याजवळ आजच बोला.

फिजिओथेरपीला मी भिवंडीतल्याच निखत मॅडमकडे जाऊ लागले. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मी परत वजन उचलू शकेन?" मला वाटलं, त्या चिडतील.

"उचलायचंच आहे," त्या म्हणाल्या. "बाल्टी उचलणार नाही? मुलगी उचलणार नाही? लेकिन पहले कंट्रोल, बाद में वजन."

त्यांनी मला उठायला शिकवलं. पलंगावरून सरळ उठून बसायचं नाही. आधी अख्खं अंग एकदम कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे आणि हातानं रेटून उठायचं. मग श्वास सोडत पोट आत घेणं. मग पाठीवर झोपून कुल्ले वर उचलणं. मग खुर्चीवरून हात न टेकता उभं राहणं, ज्यात मी कितीतरी दिवस धपकन मागे पडायची. डाव्या पायाला प्लास्टिकची पट्टी आली, तिनं पाऊल लोंबायचं थांबलं. मूत्राशयाच्या आणि शौचाच्या वेळा बांधल्या. सकाळी ठरलेल्या वेळेला बसायचंच, येवो न येवो. त्यानं बाहेरचे अपघात हळूहळू कमी झाले.

पडून राहून वजन परत वाढलं होतं. मी पुन्हा काकडीवर आले, तेव्हा निखत मॅडमनी मला धारेवर धरलं. "मागच्या वेळी उपाशी राहून जे उतरलं त्यात मसल किती गेलं असेल, माहिती आहे? कमरेला धरून ठेवणारे तेच असतात." मग भाकरी, मटकी, चवळी, अंडी, जवळा, दही आणि पोटभर भाजी. वजन महिन्याला थोडंसंच उतरायचं. मला राग यायचा. त्या म्हणायच्या, "आहिस्ता उतरलं तर टिकेल."

त्यांनी सांगितलेलं आणि मी अंगावर शिकलेलं इथे एकत्र लिहिते. व्यायाम केल्यावर अंग दुखतं, ते दोन दिवसांत जातं. पण कमरेतून पायात उतरणारी कळ हे अंग दुखणं नव्हे. इंजेक्शन घेऊन तिच्यावर वजन उचलू नका, आधी तपासून घ्या. वजन वाढवताना शेजारच्या बाईच्या बारकडे बघू नका. उचलताना पाठ गोल व्हायला लागली की बार खाली ठेवा, ट्रेनर काहीही ओरडू देत. आणि दोन्ही पाय जड झाले, मांड्यांच्या मधे बधिरपणा आला, लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, तर शेक नाही, मालिश नाही, उद्या बघू नाही. तडक मोठं हॉस्पिटल, जिथे एमआरआय आणि मणक्याचा सर्जन दोन्ही असतील.

डावं पाऊल बरंचसं परत आलं. लघवी आली नाही. नळी आजही माझ्या पर्समध्ये असते. मी ड्युटीवर परत गेले, बसून करायच्या कामावर.

गेल्या हिवाळ्यात पॅकिंग विभागातली कविता नावाची मुलगी माझ्याजवळ आली. इकडे तिकडे बघत हळूच म्हणाली, "ताई, हसू नका. कंबर धरलीय कालपासून. आणि आज चड्डी घातलीय की नाय तेच कळत नाय."

मी खुर्चीवरून उठले. "लघवी?"

"सकाळपासून नाय झाली. पाणीच कमी प्यायले असेन."

सुपरवायझर म्हणाला, "पेनकिलर देतो, शिफ्ट संपवून जाऊ दे." गेटवर वॉचमनला पास हवा होता. मी आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते इतकी ओरडले. कविताला गाडीत घालून ठाण्याला निघाले आणि वाटेतच निखत मॅडमना फोन करून माझ्या सर्जनना कळवायला लावलं. कॅज्युअल्टीत तिचं नाव लिहायच्याही आधी मी आजाराचं नाव सांगितलं. तिथला तरुण डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिला. दुपारी एमआरआय झाला, संध्याकाळी ती आत गेली.

तिची नळी काढली त्या दिवशी मी भेटायला गेले होते. तिची आई चहा आणायला खाली उतरली होती. कविता म्हणाली, "ताई, बाथरूमपर्यंत धरा मला." मी तिला आत बसवलं, दार लोटलं आणि बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. आत शांतता. मला ती शांतता ओळखीची होती.

मग आवाज आला. आधी थोडा, अडखळत, मग सलग.

तो आवाज ऐकून सगळ्यात आधी मला तिचा हेवा वाटला. मला थोडे तास आधी मिळाले असते तर, एवढंच डोक्यात होतं. मग मी तिथेच खाली बसून रडले. ते रडणं माझ्यासाठी होतं की तिच्यासाठी, मला आता वेगळं करता येत नाही.

कविता दाराला धरून बाहेर आली. "अहो ताई, रडताय काय? झाली ना मला!"

"झाली गं," मी म्हणाले. "ऐकली मी."