आधी माझं नाक

आमच्या बोरी अरब गावात त्यांना कुणी डॉक्टर म्हटलंच नाही. त्या सगळ्यांच्या नाकवाल्या मॅडम. कुणाच्याही घरी गेल्या की ओट्यावर फतकल मारून बसायच्या, पिशवीतून कापसाचा बोळा लावलेली बारीक काडी काढायच्या, आणि तान्ह्या लेकराला हात लावायच्या आधी ती स्वतःच्या नाकात घालायच्या. वरवर नाही, चांगली आत. डोळ्यांत पाणी, तोंड वळवून कोपरात एक दणदणीत शिंक, आणि मग लेकराच्या आईला म्हणायच्या, "आधी माझं नाक. बघ, मेले का?" मग साबणानं हात धुऊन, नवी काडी काढून लेकराकडे वळायच्या. संध्याकाळपर्यंत मॅडमचं नाक पिकल्या टमाटरासारखं व्हायचं.

हसू नका, त्याची गरज होती. कोरोना नुकताच होऊन गेला होता. नाकात काडी गेली की माणसाला गाडीत घालून नेतात, हे गावानं डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि ह्या बाई तर तान्ह्यांच्या नाकाशी आल्या होत्या.

मॅडम पुण्याकडच्या एका प्रयोगशाळेतल्या. लहान लेकरांना छळणाऱ्या विषाणूंचा अभ्यास करण्यात केस पांढरे झालेले. मी तेव्हा बी.ए. होऊन घरी बसले होते. गावातली घरं दाखवायला आणि बायांशी बोलायला कुणीतरी हवं होतं, आणि माझ्या तोंडाचा पट्टा तर साऱ्या गावाला ठाऊक. तेवढ्याच गुणावर मला काम मिळालं.

त्या कुठला विषाणू शोधत होत्या, ते बायांना सांगायची त्यांची एक तऱ्हा होती. "त्याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे," म्हणायच्या, "आपण नुसतं 'तो' म्हणू."

"नवऱ्यावानी?" एक बाई हसत म्हणाली.

"अगदी तसाच. मोठ्या माणसाला झाला तर साधी सर्दी, दोन शिंका देऊन मोकळा. पण तान्ह्याच्या छातीत उतरला की सोडत नाही. आणि घरात आणतो कोण? तुम्ही-आम्हीच. म्हणून आधी मोठ्यांची नाकं."

पहिल्या दिवशी मात्र फजितीच झाली. आमच्याकडे तान्ह्या लेकराची छाती भरली, धाप लागली, की 'डब्बा झाला' म्हणतात. मॅडमनी कोतवालाला सांगितलं, डब्ब्याच्या तपासणीसाठी बायांना बोलवा. गाडीत नमुने ठेवायचा बर्फाचा निळा डबाही होता. कोतवालानं दोन्ही एकत्र केलं आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून ओरडला, "ऐका हो! मॅडम गाडीत डब्बा घेऊन आल्या! ज्याच्या घरी लेकरू असन त्यानं समाजमंदिरापाशी या!"

झालं. पटापट दारं लागली. समाजमंदिरापाशी आली ती फक्त एक शेळी.

"काहून गं कुणी येत नाही?" मॅडमनी विचारलं. 'काहून' त्या दारव्ह्याच्या स्टँडवर शिकल्या होत्या आणि जिथं तिथं वापरत होत्या. मी उलगडून सांगितलं, तर पोट धरून हसल्या. "त्याचं काय चुकलं? डब्बा डब्ब्यात घालूनच तर न्यायचाय मला!" पण त्या दिवसापासून त्या निळ्या डब्याला गाडीत सगळ्यांनी पेटीच म्हणायचं, असा हुकूम निघाला.

सगळ्यांची दारं हळूहळू उघडली. एक उघडेना, आणि ते आमच्याच घरातलं. माझी वहिनी, सुनंदा. तिचं पहिलं पोरगं मान धरायच्या आधीच डब्ब्यानं गेलं होतं. त्याच्या पोटावर बिब्ब्याचे चटके दिले होते, मग दवाखाना, तोवर उशीर. आणि वरून बायांची तोंडं: बाळंतीण असून हिनं सीताफळ खाल्लं, दूध थंडावलं, म्हणून लेकराला बाधलं. माझी आईही एकदा तसं म्हणून गेली. त्यानंतर वहिनीनं सीताफळाला हात लावला नाही. आता तिच्या मांडीवर चिमी होती, काही आठवड्यांची. तिच्यासमोर 'डब्बा' हा शब्दही कुणी काढायचा नाही, असा घरात नियमच होता.

हे सगळं मी मॅडमना गाडीत सांगितलं. त्यांनी तोंड खिडकीबाहेरच्या कपाशीकडे वळवलं. मग रुमाल काढून म्हणाल्या, "सर्दी झालीय मला." आमचा ड्रायव्हर मोठा फाजील, आणि रडू आलं की सर्दीचं नाव पुढे करायची त्यांची खोड त्याला ठाऊक होती. "मॅडम, नमुना घेऊ का?" तो म्हणाला. "गाडी चालव तू," त्या नाक पुसत म्हणाल्या.

मग त्या आमच्या घरी नुसत्याच यायला लागल्या. काडी नाही, पेटी नाही. चहा घ्यायच्या आणि आईशी गप्पा मारायच्या. आईला सर्दी झालेली, आणि नातीचा मुका घेतल्याशिवाय तिला गोड लागत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "आजी, सर्दी असली की पायाचा मुका घ्या." आईनं कपाळावर हात मारला. "अवो माय! नातीच्या पाया पडू का आता?" पण सकाळी मी पाहिलं, म्हातारी चिमीचा तळपाय नाकाला लावून बसली होती.

वहिनी आतल्या खोलीतून सगळं ऐकायची. तिला ऐकू जावं म्हणूनच मॅडम मोठ्यानं बोलायच्या, हे मला नंतर कळलं. त्यांचं एकच पालुपद होतं, "झबलं वर करा." थंडीत आपण लेकराला टोपडं, स्वेटर, दुपटं असं गुंडाळून ठेवतो. खोकला ऐकू येतो, पण छाती कुणाला दिसतच नाही. "खोकल्याला घाबरू नका. झबलं वर करा आणि बरगड्यांच्या खाली बघा. श्वास घेताना तिथं खड्डा पडला, की कुणाला विचारत बसू नका, निघा."

कापूस वेचणीचे दिवस होते. दुपारची वेळ, दादा वावरात. चिमीचं नाक आदल्या दिवसापासून वाहत होतं, आता धाप लागली. आई म्हणाली, "लहाक लागली पोरीले. बिब्बेवाल्या म्हातारीले बोलावतो, बिब्बा लावून देईन." आणि चप्पल घालायला लागली. तेवढ्यात वहिनी आतून बाहेर आली. चिमी हातात, झबलं गळ्यापर्यंत वर केलेलं.

"कोनी बिब्बा लावनार नाई," ती म्हणाली. सासूसमोर तिचा एवढा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "खड्डा पडून राह्यला. बाई, तुह्या मॅडमले बोलाव!"

मॅडम शेजारच्याच गल्लीत होत्या. चप्पल तिथंच टाकून पळत आल्या. छाती बघितली आणि सगळ्यांना गाडीत कोंबलं. आईसुद्धा चढली. गाडीत वहिनीनं विचारलं, "वाचन का माही पोरगी?"

मला वाटलं, आता धीर देतील. मॅडम म्हणाल्या, "माहीत नाही. या विषाणूवर नेमकं औषध नाही. पण तिला ऑक्सिजन मिळाला, तर ती स्वतः लढते. आणि तू वेळेत निघालीस."

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात चिमीच्या एवढ्याशा नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. कितीतरी वेळानं बरगड्यांखालचा तो खड्डा भरत आला. मला रडूच फुटलं. वहिनी मात्र उठली, पदर खोचला आणि मॅडमसमोर हात पुढे केला. "काडी द्या."

मॅडमनी न कळून काडी काढली. वहिनीनं त्यांच्या हातातून काडी घेतली आणि सरळ स्वतःच्या नाकात घातली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते काडीचं की कशाचं, कोण सांगणार? "आधी माह्यं नाक," ती म्हणाली. "आता पोरीचं घ्या, अन् सासूबाईचंबी. पन मले सांगजा, कायचं झालं होतं तिले."

मॅडमनी 'सांगते' म्हटलं आणि शब्द पाळला. निकाल फोनवर सांगता आला असता, पण चिमी घरी आल्यावर त्या स्वतः आल्या, हातात सीताफळांची पिशवी घेऊन. ओट्यावर बसल्या, आईलाही हाक मारून बाहेर बसवलं. "तोच होता," म्हणाल्या. "चिमीच्या नाकात, आजींच्या नाकात आणि सुनंदा, तुझ्याही. तुम्हाला सर्दी, तिला डब्बा."

वहिनीनं खाली बघत विचारलं, "आन् पयल्याले?"

"त्याचं आता मला सांगता येणार नाही. खोटं बोलणार नाही तुझ्याशी. पण एक नक्की सांगते. सीताफळानं छाती भरत नाही. तुझ्या दुधात काही वाईट नव्हतं. तेव्हाही नव्हतं."

त्यांनी एक सीताफळ फोडलं आणि अर्धं वहिनीपुढे धरलं. वहिनीनं हात पुढे केला नाही. मग आमच्या आईनं, त्याच आईनं, ते अर्धं फळ मॅडमच्या हातून घेतलं आणि सुनेच्या हातात ठेवलं. "खाय माय," ती म्हणाली. "माह्यंच चुकलं. खाय." वहिनीनं खाल्लं. रडत रडत, बिया हातावर काढत, सगळं खाल्लं. माझ्या घरात एवढी मोठी गोष्ट दुसरी कुठली घडलेली मला आठवत नाही.

पुढच्या वर्षी अभ्यास संपला आणि मॅडम परत गेल्या. जाताना गावातल्या बाया गाडीभोवती जमल्या. कोतवाल खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, भोंग्यावरून सांगू का, डब्बा चालला म्हनून?" त्या एवढ्या हसल्या की त्यांना शिंका यायला लागल्या. मला मात्र हसू आलं नाही. मला त्यांच्याबरोबर जायचं होतं.

आता त्या निवृत्त झाल्यात. गुडघे दुखतात, प्रवास होत नाही. गरोदर बायांना द्यायची, त्या 'तो'च्या विरोधातली लस निघाली आहे, हे मला त्यांनीच फोनवर सांगितलं. "तुमच्याकडे येईल तेव्हा खरं," असंही म्हणाल्या, आणि माझं लग्न कधी हे विचारायला विसरल्या नाहीत.

परवा मी अंगणात बसले होते. चिमी अंगणवाडीतून आली आणि बाहुली घेऊन ओट्यावर बसली. झाडूची एक काडी मोडली, स्वतःच्या नाकाला लावली, खोटं खोटं शिंकली, आणि मग बाहुलीच्या नाकाला लावली. मग तिनं बाहुलीचं झबलं वर केलं आणि कितीतरी वेळ तिच्या पोटाकडे बघत बसली. हे सगळं तिला वहिनीनं सांगितलेलं. शेजारपाजारच्या बाळंतिणींनाही वहिनी हेच सांगत फिरते.

मी विचारलं, "काय वं, कशी हाये तुही पोरगी?"

"खड्डा नाई पडला," चिमी म्हणाली. "झोपू दे तिले."

मी ते सगळं मोबाइलवर घेतलं होतं. मॅडमना पाठवलं. उत्तर येईना, म्हणून फोन लावला. त्यांनी उचलला. नुसता नाक ओढल्याचा आवाज. मग म्हणाल्या, "काही नाही गं. सर्दी झालीय मला."

मीही नाक ओढलं. मग विचारलं, "मॅडम, नमुना घेऊ का?"

"घे," त्या म्हणाल्या. "पण आधी तुझं नाक."