‘तसं काही’ केलंच नव्हतं, तरी...

परवा दुपारी सात रस्ता चौकाजवळच्या लॅबमधून रक्ताचा रिपोर्ट आणला. आकडा खाली आलाय, म्हणजे औषध लागू पडलंय. पायरीवर उभी राहून पुन्हा पुन्हा वाचला... आनंद काही झाला नाही.

रिपोर्ट सिफिलिसचा आहे. हो, तोच गुप्तरोग, ज्याच्या इलाजाच्या जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर असतात. मी टॉवेलच्या शोरूममध्ये अकाउंट्स बघते, लग्न झालेलं नाही... आणि हा रोग मला माझ्या होणाऱ्या नवऱ्याकडून मिळाला.

साखरपुडा झाला होता. तो पुण्यात नोकरीला, अधूनमधून शनिवारी सोलापूरला यायचा आणि आम्ही त्याच्या मित्राच्या खोलीवर भेटायचो. ‘बाकी सगळं लग्नानंतर’ असं दोघांनी ठरवलं होतं, म्हणून जे झालं ते तोंडानेच.

त्याला ओरल सेक्स म्हणतात हे मला माहीत होतं. पण ते ‘सेक्स’मध्ये धरतात हे काही डोक्यात शिरलं नव्हतं. दिवस जाणार नाहीत ना, मग भीती कसली... मी तर स्वतःला फार शहाणी समजत होते!

मग खालच्या ओठाच्या आत एक फोड आला. दुखेना, खुपेना. आई मूळची माढ्याकडची, तिने एक नजर टाकली आणि निकाल दिला, “गरमी हाय ती. लई तिखट खातीस की!” गुलकंद सुरू झाला. फोड आपोआप गेला आणि श्रेय गुलकंदाला मिळालं.

जुनी माणसं या रोगाला ‘गरमी’च म्हणायची, हे मला फार नंतर कळलं. आई बिचारी नकळत खरं बोलून गेली होती.

पुढे तळहातांवर लालसर डाग उठले. खाज नाही, आग नाही, नुसती अंगात कसकस. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हात उलटसुलट करून बघितले आणि विचारलं, “लग्न झालंय का?” मी म्हटलं, नाही, उन्हाळ्यात आहे. मग अ‍ॅलर्जी असेल म्हणाले आणि मलम लिहून दिलं.

आपल्याकडे डॉक्टरांना ‘संबंध आलाय का’ असं विचारायचं असलं की ते ‘लग्न झालंय का’ असं विचारतात. आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो, मनातल्या प्रश्नाचं राहून जातं... आणि त्याबरोबर टेस्टही राहते. मी खोटं बोलले नव्हते हो. आणि शेजारच्या स्टुलावर आई बसलेली असताना आणखी काय बोलणार होते?

मलमाने फरक पडेना, तेव्हा त्वचेच्या एका डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी आईला बाहेर बसायला सांगितलं, दार लावलं आणि म्हणाल्या, “लग्नाचं राहू दे. तोंडाने, कसाही, कुणाशी संबंध आला होता का?” मला रडूच फुटलं. त्यांना उत्तर मिळालं.

त्यांनी जे सांगितलं ते जसं आठवतं तसं लिहिते, कारण मला ते कुणीच सांगितलं नव्हतं. तोंडाने एचआयव्ही होण्याची शक्यता फार कमी, पण सिफिलिस, गनोरिया, हर्पिस सहज येऊ शकतात. गनोरिया घशात बसला तर बहुतेक वेळा काहीच त्रास होत नाही आणि तो लघवीच्या टेस्टमध्ये सापडत नाही, घशाचाच स्वॅब घ्यावा लागतो. लगेच केलेली टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नसतं, डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा करायची. आणि हो, कंडोम तोंडाच्या वेळीही लागतो.

रक्त तपासलं, सिफिलिसच निघाला. इंजेक्शन घेतलं. भयंकर दुखलं, पण बरं होणारं दुखणं आहे, हे ऐकून त्या दिवशी जीवात जीव आला. मॅडमनी बजावलं होतं, त्याचीही तपासणी झालीच पाहिजे. घरी येऊन त्याला फोन केला.

आधी म्हणाला, मला तर काहीच होत नाहीये. मग म्हणाला, तुझं आधी कुणाशी होतं का ते सांग... त्याच्याशिवाय माझ्या आयुष्यात कुणी नव्हतं, आणि हे त्याला चांगलं माहीत होतं. त्यानंतर फोन मध्यस्थ काकांचाच आला. मुलीला कसलासा रोग आहे म्हणे, सोयरीक मोडली.

आई म्हणते, झाकली मूठ सव्वा लाखाची, कुणाकडं बोलू नगंस. तिने माझा पेला, ताट वेगळं ठेवलंय. पेल्याताटातून हे पसरत नाही आणि आता मी बरी झालेय, हे मॅडमनी तिला समोर बसवून समजावलं. तिने मान डोलावली... आणि पेला अजून वेगळाच आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कशाला म्हणतात ते मी या घरात शिकले.

मीही गप्पच बसणार होते. पण काल कळलं, त्याचं लग्न दुसरीकडे जमलंय. मुलगी अक्कलकोटकडची आहे, एवढंच ऐकलं. त्याने तपासणी केली असेल का? मला नाही वाटत.

तिचं नाव माहीत नाही. कुणाकरवी निरोप धाडावा तर लोक म्हणतील, हिचं मोडलं म्हणून हिचा जळफळाट. म्हणून असं उघड्यावर लिहितेय. दार लावून नीट विचारणाऱ्या त्या मॅडमचे उपकार मी फेडू शकत नाही, निदान त्यांनी सांगितलेलं पुढे तरी सांगते.

ताई, तू जी कुणी असशील... पत्रिका बघून झाली असेल तर आता दोघांचंही रक्त तपासून घ्या. तो रागावेल, रागावू दे. हे तुझ्यापर्यंत पोचेल असं मला खरंच वाटत नाही गं... तरी लिहिलं. दुसरं काय करू?