बोळवण आधी वाजली

गाणाऱ्या बाईला टाळ्यांची सवय होते, पण पहिला सूर लावण्याआधी पोटात जो गोळा उठतो त्याची सवय कधीच होत नाही. मोतीबाईला तर त्या दिवशी गायचंही नव्हतं. पाहुणी म्हणून कशेळ्याला जायचं, गौर घरात येताना कर्ण्यावर आपलीच नवी टेप ऐकायची, दोन घास खायचे आणि परत खालापूरची गाडी धरायची. तरी कर्जतच्या स्टँडवर एसटीतून उतरली तेव्हा तिचे तळहात गार पडले होते.

पंचवीस वर्षांपूर्वी खालापूरकडच्या तिच्या गावात पाच बायांचा मेळा होता. मोतीबाई पुढे, चौघी मागे झील धरायला, आणि ढोलकीवर तिचा चुलत दीर नागू. भातलावणी आटोपून चिखलाचे पाय धुतले की त्यांची गौरीची गाणी सुरू व्हायची. काय तो काळ! दिवाबत्तीला तेल नसलेल्या गावातही मोतीबाई आली म्हटलं की कुठून कुठून कंदील गोळा व्हायचे. मग एका कंपनीने त्यांची तबकडी काढली. एका बाजूला गौरीचं येणं, दुसऱ्या बाजूला तिची बोळवण. गौर यायच्या दिवशी पहिली बाजू लावायची आणि जायच्या दिवशी तबकडी उलटायची, हे कर्जत-खालापूरच्या गावागावांत पोरांनासुद्धा ठाऊक होतं. त्यातली बोळवण अशी गाजली की ती लागली म्हणजे ओट्यावर बसलेले बाप्येही उगाच डोळ्यात कचरा गेल्याचं सोंग करायचे.

आता पंच्याऐंशी साल उजाडलं होतं. चौघींपैकी दोघी वारल्या, दोघी थकल्या. मुंबईच्या एका नव्या कंपनीचा साहेब गेल्या उन्हाळ्यात घरी आला आणि म्हणाला, "मावशी, तबकड्या आता कोण वाजवतो? तीच गाणी परत गा, टेप काढू." मोतीबाई गेली. पण मुंबईतल्या त्या बंद खोलीत समोर माणूस नाही, नुसती काच. वरच्या सुराला तिचा आवाज आता फाटायचा. साहेबाने यंत्रातून आवाजाला घुमारा दिला, झील धरायला शहरातल्या मुली आणल्या आणि म्हणाला, "बोळवण पहिली टाकू. गाजलेलं गाणं आधी. दुकानात माणूस पहिलंच गाणं ऐकतो आणि टेप घेतो." मोतीबाईचं तिकडे लक्षच नव्हतं. तिला एकच घोर होता. "साहेब, आवाज फाटला नाय ना कुठं?" साहेब नाही म्हणाला आणि तिने सुस्कारा सोडला.

टेप बाजारात येऊन आठवडा झाला होता. स्टँडवर काकड्या विकणाऱ्या येसूबाईने तिला लांबूनच ओळखलं.

"मोतीबाय ना गं तू? तुझी नवी टेप आयकली."

"कशी वाटली?" मोतीबाईने विचारलं, आणि विचारल्याचा तिला लगेच पस्तावा झाला.

"चांगली हाय. चकचकीत हाय. पन तू कुठं हाईस तिच्यात?"

सोबत आलेला नागू हसायला लागला. मोतीबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने हसू विडीच्या धुरात गिळलं. कशेळ्याच्या जीपमध्ये तर दोघे गडी तिच्यासमोरच, ती कोण हे न ओळखता, वाद घालत होते. एक म्हणत होता, आवाज मोतीबायचाच. दुसरा म्हणत होता, "छ्या! लेक असंल तिची. मोतीबाय गायला लागली की अंगावर काटा यायचा. ह्या टेपवर नुसती झोप येते." मोतीबाईने पदर कपाळावर ओढून घेतला आणि कशेळ्यापर्यंत बाहेर पाहत बसली.

कशेळ्याच्या आनंदीबाईने तिला बोलावलं होतं, त्याला कारण होतं. तिच्या सुनेच्या, आवडीच्या, दोन खेपा रित्या गेल्या होत्या. आता ही तिसरी खेप, आठवा महिना लागला होता. आनंदीबाईची तबकडीवर इतकी श्रद्धा, की यंदा खुद्द गाणारीच उंबऱ्याशी उभी राहिली पाहिजे असं तिने मनाशी धरलं होतं.

"ये गं बाय!" तिने मोतीबाईच्या पायावर पाणी घातलं. "नवी टेप आमी अजून आयकली नाय हां. म्हनलं, पयल्यांदा आयकायची ती गवर येतानाच."

आवडी दाराशी हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. चेहरा ओढलेला, पण डोळे हसरे. "मावशी, आज सकाळधरनं नुसता नाचतोय पोटात," ती हळूच म्हणाली. "तुमी येनार ते कळलं वाटतं त्याला."

मोतीबाईच्या छातीवरचं ओझं जरा हललं.

पाणवठ्यावरून गौर निघाली. आनंदीबाईची माहेरवाशीण लेक डोक्यावर तेरड्याची गौर घेऊन बांधावरून पुढे, मागे आळीतल्या बाया. अंगणातून उंबऱ्यापर्यंत तांदळाच्या पिठाची पावलं काढलेली. लेकीने शेवटच्या पावलावर पाय ठेवला. आवडी तांब्या घेऊन पाय धुवायला पुढे झाली. आनंदीबाईने कर्णेवाल्या हिरामणला खूण केली आणि त्याने कळ दाबली.

*चालली गं चालली, उंबरा सोडून चालली,*
*भरल्या घराची सावली, पाठ फिरवून चालली...*

क्षणभर कुणाला कळेचना. मग सगळ्यांना एकदम कळलं.

लेकीचा उंबऱ्याकडे उचललेला पाय तसाच अधांतरी राहिला. आवडीच्या हातातला तांब्या खणखणत पायऱ्यांवरून खाली गेला. आणि वर माडावर बांधलेल्या कर्ण्यातून मोतीबाईचा तो घुमारा दिलेला आवाज, साऱ्या गावाला ऐकू जाईल असा, अजून घरात न आलेल्या गौरीला वाटेला लावत होता.

"बंद कर रं मेल्या! बंद कर!" आनंदीबाई किंचाळली.

हिरामण इतका घाबरला की त्याने भलतीच कळ दाबली. टेप आत गुंडाळली गेली. गाणं जड झालं, खोल गेलं, कुणीतरी विहिरीतून कण्हावं तसं. "चाऽऽ... लीऽऽ..." लहान पोरं रडायला लागली. हिरामणने शेवटी वायरच उपटली.

त्यानंतरची शांतता मोतीबाई जन्मात विसरली नाही. नाटकातला दिवा फटकन जावा आणि पुढच्या अंधारात हजार माणसं श्वास रोखून बसलेली असावीत, तसं ते अंगण झालं होतं. फरक एवढाच, की इथे उजेड लख्ख होता आणि प्रत्येक चेहरा दिसत होता.

"आत्याबाई," आवडी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. दोन्ही हात पोटावर होते. "हालत नाय वो. थांबला."

"गवर आत यायच्या आधीच धाडली," मागून एक बाई पुटपुटली.

"गानारीनंच धाडली," दुसरी म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. मोतीबाईकडे उभ्या जन्मात कितीतरी माणसांनी टक लावून पाहिलं होतं, पण असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. पळावं, असं तिला वाटलं.

हिरामण वायर हातात धरूनच म्हणाला, "आनंदीकाकू, येन्याचं गानं पुढं हाय. दुसरी टेप हाय माझ्याकडं, लावतो ना..."

"त्या डब्याला हात लावशील तर हात तोडीन तुझा."

"आनंदीबाय," मोतीबाई पुढे होऊन म्हणाली. "गवरीनं उंबरा वलांडला नाय अजून. पाय टाकला नाय. पाणवठ्यावर परत न्या. पुन्हा आनू तिला."

"आनि गानार कोन?"

नागूने गुपचूप ओट्यावरची रिकामी कळशी उचलली, उलटी करून काखेत धरली आणि तिच्यावर बोटं टेकवली.

पाणवठ्यापर्यंतची वाट लांब नव्हती, पण मोतीबाईला ती संपू नये असं वाटत होतं. आवाज फाटेल ही भीती तिला वर्षभर होती. लोक हसतील, नावं ठेवतील, एवढीच ती भीती. आज फाटला तर हसणार कोणी नव्हतं. आज त्याला अपशकुन म्हणणार होते, आणि तो आवडीच्या पोटावर पडणार होता.

तिने सूर खाली धरला. नागूची बोटं कळशीवर चालू लागली. बायांना ते गाणं तोंडपाठ होतं, पण एकीनेही झील धरली नाही. भ्याल्या होत्या बिचाऱ्या. मोतीबाई एकटीच गात बांधावरून आली, अंगणात आली, पिठाच्या पावलांवरून आली. उंबऱ्याशी, जिथे "आली गं आली" वर चढतं, तिथे आवाज फाटला. जुन्या लुगड्यासारखा टर्रकन फाटला. ती थांबली नाही. त्या फाटक्या सुरातच तिने ओळ पुरी केली, पुन्हा म्हटली, तिसऱ्यांदा म्हटली. माहेरवाशीण आत आली. गौर जागेवर बसली.

टाळी वाजली नाही. आनंदीबाईने तिच्याकडे पाहिलंही नाही. भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला. आवडी आतल्या खोलीत कुशीवर पडली होती, आणि आतून दर थोड्या वेळाने आनंदीबाईचा प्रश्न येई, "काय गं?" आणि आवडीचं उत्तर, "नाय."

नागू कानाशी लागला. "वयनी, जीप उभी हाय. निघू या. इथं काय इपरीत झालं तर लोक आपल्याला..."

"तू जा. ह्या घरात हालचाल होईपातूर मी उंबरा वलांडनार नाय."

ती उठून आत गेली. आनंदीबाईने अडवलं नाही, ये म्हणाली नाही. मोतीबाई आवडीच्या उशाशी बसली. दुसरं काही येत नव्हतं, म्हणून येण्याचंच गाणं तिने पुन्हा धरलं, अगदी हळू, श्वासाएवढं. पण तेच गाणं ते, वर चढणारच. चढलं, आणि परत फाटलं.

"आई गं!" आवडी ताडकन उठून बसली.

आनंदीबाई धावली. "काय झालं? काय झालं गं?"

"लाथ मारली! हितं... आत्याबाई, हितं हात ठेवा!"

आनंदीबाईने हात ठेवला. डोळे मिटले. बाहेर नागू दारात खांबासारखा उभा. मग आनंदीबाईचा चेहरा हळूहळू उलगडला आणि तिच्या गालांवरून पाणी वाहू लागलं.

"दुसरी मारली," ती म्हणाली. "चांगली जोरात मारली." मग नाक पुसून तिने मोतीबाईकडे पाहिलं, दुपारपासून पहिल्यांदाच. "तुझं गानं आवडलं नसंल गं त्याला. आमी म्हाताऱ्या बाया, काय बी आयकून घेतो. हा नाय घेनार."

मोतीबाईला हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळेना. "मग गप बसू का?"

"गप नको बसूस," आनंदीबाई म्हणाली. "गा. मारू दे त्याला."