कावळ्यांसाठी टांगलेली फीत

मुरासेच्या बापाच्या थिएटरात टोकुजी एकवीस वर्षं प्रोजेक्टर चालवत होता. चावट सिनेमांच्या फिती कापून विकतोस, असा खोटा आळ घेऊन मुरासेनं त्याला चारचौघांत हाकललं. आता तोच मुरासे असले विसरलेले सिनेमे जिवापाड जमवतो, आणि आज टोकुजीच्या ओट्यावर डोकं टेकून बसला होता.

"टोकुजीसान, जगातली एकमेव प्रत मिळालीय मला, पण नेमका न्हाणीघराचा प्रसंगच नाही त्यात. तुमच्याकडे आहे?"

"आहे की, धाकटे मालक. तुम्ही चोर म्हणालात, म्हणून जाताना खरंच कापला."

मुरासेचा चेहरा उजळला. टोकुजीनं अंगणातल्या पर्सिमनच्या फळझाडाकडे बोट दाखवलं. कावळे हाकलायला टांगलेली फीत वीस उन्हाळ्यांत पांढरीफटक पडली होती.

"घ्या सोडून. फळांना मात्र हात लावू नका."