बॅच नंबर नसलेले तुकडे

चाकणहून राजगुरुनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं मेडिकल आहे. शिफ्ट सुटली की माणसं येतात, "भाऊ, पाचच गोळ्या द्या." अख्खी स्ट्रिप सहसा कोणी घेत नाही. बॅच नंबर छापलेलं टोक शेवटपर्यंत दुकानात ठेवायचं आणि प्रत्येकाला त्याचं नाव, बॅच नंबर लिहून बिल द्यायचं, असा नियम. मी मात्र हाताला येईल त्या टोकाकडून कात्री चालवायचो आणि बिल कोणालाच द्यायचो नाही. दिल्लीच्या औषध नियंत्रकांची सूचना मोबाईलवर आली की म्हणायचो, "एसीत बसून नियम काढायला काय जातंय राव!"

शेजारच्या गॅरेजचे चाचा बीपीची गोळी माझ्याकडूनच न्यायचे. एका दुपारी टेम्पोखाली काम करताना त्यांची डावी बाजू गेली. दवाखान्यात जाऊन मी सगळ्यांदेखत त्यांना झाडलं, "गोळ्या चुकवल्यात ना? शंभरदा सांगितलं होतं!" चाचा जड जिभेने "नाही, नाही" म्हणत राहिले. चाचींना माझंच खरं वाटलं. घरी आणल्यावरही त्या चाचांना रोज तेच ऐकवायच्या.

दोन महिन्यांनी सूचना आली. त्याच गोळीची एक बॅच तपासणीत नापास झाली होती, औषधाचं प्रमाण फारच कमी. विक्री थांबवा, माल परत करा. मी खरेदीची बिलं काढून पाहिली. ती बॅच माझ्याकडे आली होती, दुसऱ्या एका चांगल्या बॅचसोबत. उरलेला माल लगेच परत पाठवला. पण विकलेला? कोणाला गेला? तिकडे कोणीतरी ती गोळी नीट तपासून तिचा नंबर माझ्यापर्यंत पोचवला होता. पुढचं काम माझं होतं, आणि ते मी कधीच केलं नव्हतं.

तसाच चाचांच्या घरी गेलो. मेकॅनिक माणूस, काही म्हणून फेकायचा नाही. स्ट्रिपचे रिकामे तुकडेही त्यांनी डब्यात ठेवले होते. चाचींनी डबा चटईवर उपडा केला. एकूण एक कप्पा फुटलेला, गोळी एकही शिल्लक नाही. बॅच नंबर मात्र एकाही तुकड्यावर नव्हता.

"चाची, यांनी एकही गोळी चुकवली नव्हती," मी म्हणालो. "गोळीच खराब असेल. माझ्या दुकानातली. पण यांना कुठली दिली, ते मला सांगता येत नाही."

"या अल्ला! आणि मी यांना काय काय बोलले!" चाचींनी पदर तोंडाला लावला. माझाही बांध फुटला. लाज वाटली, फार लाज वाटली.

चाचा मात्र चिडले. एकेक शब्द ओढत म्हणाले, "इथं काय रडतोस? बाकीच्यांना पण दिल्या असशील ना? जा त्यांच्याकडे."

मी उठलो, चप्पल घातली. त्या गोळ्या आणखी कोणाकोणाला दिल्या, त्यातलं एकही नाव मला आठवेना.