अक्कासाठी फ्लॅश

वसमतच्या माझ्या घरी पलंगावर चादर अंथरून मी सगळ्या लेन्स मांडून बसले होते. माझी थोरली बहीण, अक्का, दारात आली, बघितलं आणि म्हणाली, "काय गं बाई, बोहारणीचा धंदा काढला का?"

अक्काला घेऊन मी राजस्थानला चालले आहे. तिचं गाव कनेरगाव नाक्याच्या अलीकडं. शेताच्या कडेनं जयपूरची गाडी जाते, ती अक्कानं खुरपं हातात धरून आयुष्यभर बघितली, बसली कधी न्हाई. यंदा तिच्या छातीत कळ आली, नांदेडला न्यावं लागलं. बरी झाल्यावर तिनं डॉक्टरला पहिलं काय विचारलं, तर त्या गाडीत बसू का. डॉक्टर म्हणाले, जा, पण दमू नका. त्यातलं 'जा' तिनं ऐकलं आणि 'दमू नका' मी.

म्हणून सामान हलकं हवं होतं. एक हात अक्काला धरायला मोकळा राहिला पाहिजे, मग कॅमेऱ्याची पिशवी एका खांद्याला पेलेल एवढीच. दूरचं जवळ आणणारी लांबडी लेन्स पहिल्यांदा बाजूला केली. भरली कळशी काखेत घेऊन किल्ला चढल्यासारखं होतं तिचं. आणि जो माणूस जवळ येऊ देत न्हाई त्याचा फोटो लांबून चोरून काढू नये, असं आपलं माझं मत आहे. भाकरीसारखी चपटी लेन्स घेतली, गल्लीबोळासाठी, गाडीच्या डब्यासाठी. आणि चेहऱ्यांसाठी ती छोटी पन्नास एमएमची. कमी उजेडातही काम करते, मागचा पसारा पुसून टाकते, माणूस तेवढा ठेवते. झालं. दोनच.

राहिला फ्लॅश. मुठीत मावेल एवढा, नवा, मुलीनं दिलेला. तो मी हळूच लांबड्या लेन्सजवळ सरकवला.

अक्कानं बघितलंच. "ह्याला काहून वगळून राहिली?"

"उन्हाचा मुलूख आहे अक्का. तिथं दिव्याचं काय काम?"

खरं कारण दुसरं होतं.

आमच्या मालकांचा फोटो स्टुडिओ होता. मी कुठं शिकले न्हाई, त्यांचं बघून बघून हात बसला. त्या काळी आमच्याकडं बाईमाणसाचा फोटो जित्तेपणी राहूनच जायचा. आज पाहुणे आलेत, उद्या काढणी आहे, मग बाळंतपण. बाई गेली की घरच्यांच्या ध्यानात यायचं, भिंतीला लावायला काहीच न्हाई. मग स्टुडिओत माणूस धावत यायचा. बाईच्या जवळ बाईच पाहिजे, म्हणून मी जायची.

मयताला न्हाऊ घालून, नवं लुगडं नेसवून खुर्चीत बसवायचे. मागं चादरीआड तिची जाऊ उभी राहायची, डोकं धरून. घरात अंधार, म्हणून फ्लॅश लागायचाच. जुना फ्लॅश चार्ज होताना बारीक शिट्टी वाजायची. ती सुरू झाली की रडणं थांबायचं. सगळ्या माझ्याकडं बघत राहायच्या. मग उजेड पडायचा, आणि त्या उजेडात क्षणभर वाटायचं, बाई आता हललीच.

पुढं फोटो नांदेडला जायचा. तिथला कारागीर ब्रशनं मिटल्या डोळ्यांवर उघडे डोळे काढून द्यायचा. आता त्या बिचाऱ्याला डोळे एकाच तऱ्हेचे जमायचे. मोठे, पाणीदार, जरा डावीकडं बघणारे. अजून मी कुणाच्या घरी चहाला गेले की समोरच्या भिंतीवर हार घातलेली कुणाची तरी सासू असते, आणि ती त्याच डोळ्यांनी माझ्याकडं बघते. पुढच्या गावात दुसऱ्या घरी बाई वेगळी, डोळे तेच. मी आता भिंतीकडं पाठ करूनच बसते.

आमच्या आईचा फोटोही मीच काढला. तसाच.

अक्का पलंगावर टेकली. फ्लॅश हातात घेऊन उलटासुलटा करत म्हणाली, "आईचे डोळे कसे होते गं?"

मी आठवायला गेले. आईचे हात आठवले, कपाळावरचं गोंदण आठवलं. डोळ्यांच्या जागी ब्रशवाल्याचे डोळे आले. अक्काकडं बघितलं, तर तिचंही तेच झालेलं.

"नातवंडं म्हणतात, आजीचे डोळे किती मोठे," ती म्हणाली. "मी व्हय म्हणते. काय सांगू? मला तसले नको बाई. माझा तिकडं राजस्थानात काढ, किल्ल्यावर. माझ्या सोताच्या डोळ्यांचा, उघड्या."

"तो ब्रशवाला आता कुठं आहे?"

"तो न्हाई तर मोबाईलवाले आहेत की. आमची नातसून समद्यांना कुत्र्याचे कान लावते. मला तर मेल्यावर काय काय लावंल!"

हसलो दोघी. पण तिला हात छातीवर ठेवून हसावं लागलं.

आणि तिकडं भर दुपारी, डोक्यावर ऊन, त्यात अक्काचा पदर कपाळाखाली ओढलेला. तसा फोटो काढला तर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात. उन्हातही थोडा फ्लॅश मारला तरच पदराखाली उजेड पोचतो, बुबुळात ठिणगी येते. हे मला बराबर ठाऊक होतं. मी घरच्या जित्या माणसावर कधी फ्लॅश मारला नव्हता, एवढंच.

"चल, इथंच मारून बघू," मी म्हणाले.

अंगणात, दुपारीच, खुर्ची टाकली. पन्नासची लावली, फ्लॅशचा जोर कमी केला. हा नवा शिट्टी वाजवत न्हाई. तरी मला ऐकू आली. बटण दाबलं.

डोळे मिटलेले.

"उघडे ठेव की अक्का!"

"ठेवलेच होते की, आंधळी!"

पुन्हा काढला. मिटलेले. बोलत राहा म्हणाले, बोलत राहिली, मिटलेले. दुसरीकडं बघ म्हणाले, तरी तेच. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर खुर्ची, भिंत, डोक्यावर पदर, आणि मिटलेली अक्का. फक्त मागं चादर धरून कुणी उभं नव्हतं. मी एकेक फोटो पुसत गेले.

"दाखव."

"उन्हानं नीट आला न्हाई."

"मिटलेच ना?"

"व्हय."

ती गुडघे चोळत बसली. मग खुर्चीला धरून उठली. "गाडीला अजून दिवस आहेत. सवय करते मी. तू त्यो डब्बा पिशवीत घाल."

घातला. दोन लेन्स, त्यांच्यामध्ये फ्लॅश, पिशवी दाराला टांगली आहे.

आणि आता मी हे लिहीत बसले आहे तर अक्का आतल्या खोलीत आरशासमोर आहे. माझा मोबाईल घेतलाय, टॉर्च लावायला शिकलीय. तोंडावर एकदम लावते, विझवते, पुन्हा लावते. मधनंच तिथून ओरडते, "आता ऱ्हायले का गं उघडे? बघ की!"

इथून मला आरसा दिसत न्हाई.

"राहिले अक्का, राहिले," मी म्हणते.

"खोटं नको बोलू. थांब, आणखी एकदा करते."

दाराच्या चौकटीवर उजेड पडतो, जातो. पडतो, जातो.