हायवेला चालेल अशी गाडी

त्यांना सगळे ‘बघूया’ म्हणत. ऑफिसात, इमारतीत, अगदी सख्ख्या बहिणीच्या तोंडीसुद्धा तेच नाव बसलं होतं. कारण काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. पंखा बदलायचा का? बघूया. दाराला नवा रंग लावायचा का? बघूया. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. बघूयांचं तोंड मात्र आयुष्यात कधी पोळलं नव्हतं, कारण दूध पुरतं निवेपर्यंत ते कपाला हातच लावत नसत.

नोकरी त्यांना स्वभावाला साजेशी मिळाली होती. ते लिफ्टचे तपासनीस. जुन्या-नव्या इमारतींत जायचं, गच्चीवरच्या खोलीत मोटर बघायची, पोलादी दोरांवरून हात फिरवायचा, दार नीट मिटतं का पाहायचं आणि मनाची खात्री झाली तरच सही करायची. इमारतींचे सेक्रेटरी त्यांच्या नावानं बोटं मोडत, पण त्यांनी सही केलेली लिफ्ट कधी अडकली नाही. दोर तुटल्यावर ‘अरेरे’ म्हणण्यात अर्थ नसतो, असं ते म्हणत, आणि ते खरंच होतं. घोळ एवढाच झाला, की हा माणूस घरी आल्यावरही लिफ्टच तपासत राहिला.

बायको त्यांना भेटली तीही लिफ्टमुळेच. ती एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराची प्रमुख होती. रुग्णांची ताटं वरच्या मजल्यांवर नेणारी छोटी लिफ्ट बघूयांनी एका सकाळी बंद केली, आणि तिची माणसं ट्रे रचून जिने चढू लागली. ती तावातावानं भांडायला आली. बघूयांनी तिला वाकायला लावून दोराची एक उसवलेली तार दाखवली. मग दुरुस्ती होईपर्यंत ते रोज आपणहून येत राहिले, कारागिराच्या मानगुटीवर बसून राहिले, आणि एकदा तर स्वतः ट्रे घेऊन जिना चढले. तिला वाटलं, हा माणूस एखाद्या गोष्टीला आपली म्हणाला, की ती पडू देणार नाही. लग्नाचं तिनंच विचारलं. त्यांनी काय उत्तर दिलं ते सांगायला नको. पुढे वर्षभर त्यांनी बघितलं आणि ती थांबली. थांबायची सवय तिला तेव्हापासूनची.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला बढती मिळाली. हायवेच्या दुसऱ्या टोकाच्या गावात मोठं हॉस्पिटल उभं राहिलं होतं, आणि तिथलं सगळं स्वयंपाकघर तिच्या हाताखाली येणार होतं. मूलबाळ नव्हतं. तिनं कुणाला न विचारता हो म्हणून टाकलं आणि घरी येऊन सांगितलं. बघूयांची नोकरी इथली, ती सोडता येण्यासारखी नव्हती. तिला सुट्टी फक्त शनिवारची, आणि बस जायला अर्धा दिवस खायची. ती आली की चहा पिऊन परत निघायचीच वेळ व्हायची. म्हणजे जायचं ते बघूयांनीच.

तिच्या बॅगा बसमध्ये चढवताना ते म्हणाले, “मी गाडी घेतो. मग दर शुक्रवारी काम सुटलं की निघतो.”

तिनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ‘घेतो’ म्हणाले होते, ‘बघूया’ नाही. बस सुटेपर्यंत तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं नाही. नव्या गावात तिच्या ओळखीचं चिटपाखरू नव्हतं, आणि त्या शनिवारांवरच तिची सगळी भिस्त होती.

मग गाडी बघणं सुरू झालं. नवी परवडणार नव्हती म्हणून जुनी, आणि मोठी पोसवणार नव्हती म्हणून हॅचबॅक. इथवर कुणाचंही डोकं चालतं. पण बघूयांचं म्हणणं असं, की गावात फिरायची गाडी वेगळी आणि हायवेची वेगळी. छोट्या इंजिनाची गाडी गल्लीबोळात तुरुतुरु पळते, पण चढावर ट्रक ओलांडायची वेळ आली की तिला धाप लागते. गिअर सहा हवेत, म्हणजे वेगातही इंजिन ओरडत नाही. सीट अशी हवी की तीन तासांनी उतरल्यावर कंबर आपलीच आहे असं वाटावं. खिडकीच्या फटीतून वाऱ्यानं शिट्टी वाजवता कामा नये. आणि कमी पळालेल्या गाडीवर लोक उड्या टाकतात तेही चूक. कमी पळालेली म्हणजे बहुतेकदा गावातल्या गावात भाजी आणून आणून झिजलेली. क्लच दाबून दमलेली, इंजिन कधी धड तापलेलंच नाही. त्यापेक्षा हायवेवर भरपूर पळालेली, वेळच्या वेळी तेल बदललेली गाडी केव्हाही बरी. यातला शब्दन् शब्द खरा होता. ते काही खोटं बोलत असते, तर कुणी त्यांना अडवलं तरी असतं.

अडचण एकच होती. बघूयांना सुट्टी शनिवारी, आणि गाड्यांचे मालक घरी सापडायचे तेही शनिवारी. त्यामुळे शनिवार उजाडला की ते बायकोकडे जायला गाडी हवी म्हणून गाडी बघायला जात, आणि बायकोकडे जायचं राहून जाई.

त्यांची थोरली बहीण खालच्याच मजल्यावर राहायची. ताईंच्या जिभेला हाड नव्हतं. त्यांनी पहिल्या महिन्यातच भावाला सुनावलं, की बस बंद पडलेली नाही, आणि तिकडे ती तुझी वाट बघतेय, गाडीची नाही. बसनं जाऊन दमायचं आणि दमून परत यायचं यात काय अर्थ, असं बघूयांचं उत्तर. एकदा गाडी हातात आली की सगळं नीटच होईल. घोडामैदान जवळच आहे.

“मैदान दिसतंय रे,” ताई म्हणाल्या, “घोडं कुठाय?”

सुरुवातीला बायको फोनवर हौसेनं विचारायची, आज कुठली बघितली, रंग कसा होता. बघूया रंग सोडून बाकी सगळं सांगत. पांढरीचं स्टिअरिंग डावीकडे ओढतं, निळीच्या चारही टायरांच्या जाती चार, आणि तिसरी दिसायला फक्कड पण सुरू केली की निळसर धूर सोडते. पुढे पुढे ती फोन ओट्यावर ठेवून कांदा चिरत ऐकू लागली. बघूयांना मागून सुरीचा आवाज येई, पण ऐकते आहे ना, एवढ्यावर त्यांचं समाधान होतं.

थंडीत तिला तापानं गाठलं. शनिवारी सकाळी तिनं फोन करून विचारलं, आज येता का. तिनं तोंड उघडून ‘या’ म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती. बघूयांना गलबलून आलं. ते म्हणाले, आज एक गाडी ठरल्यातच जमा आहे, ती झाली की तुला औषधाला उठायलाही लागणार नाही, मीच हातात आणून देईन. त्या गाडीच्या मागच्या दारावर नंतर दिलेला रंग निघाला, म्हणजे कधीतरी ठोकलेली. बघूयांनी ती सोडली. तापात बायकोचं सगळं शेजारणीनं केलं.

आणि मग अखेर ती गाडी सापडली. करड्या रंगाची, औषधांच्या कंपनीच्या एका विक्रेत्यानं वापरलेली. त्याचा जन्म हायवेवर गेलेला, त्यामुळे गाडी इतकी पळालेली की बाकीची गिऱ्हाइकं आकडा बघूनच पाठ फिरवायची. बघूयांनी मात्र सर्व्हिसिंगचे कागद पाहिले, सहावा गिअर पाहिला, सीटवर बसून डोळे मिटले, आणि पुन्हा उघडून सहावा गिअर आणखी एकदा टाकून पाहिला. पण हायवेवर चालवल्याशिवाय सांगता येणार नाही, असं ते जुन्या गाड्यांचे सौदे जुळवणाऱ्या एजंटला म्हणाले. एजंट त्यांना कित्येक महिन्यांपासून ओळखत होता. त्यानं हात जोडून किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि सांगितलं, की हवी तितकी चालवा, संध्याकाळी आणून द्या, पण आज काय तो निकाल लावा.

शनिवार होता. बघूयांनी गाडी बायकोच्या रस्त्याला लावली. जिथे चालवायची तिथेच तपासायची, याला ते पद्धत म्हणत. शहर मागे पडलं, सहावा गिअर पडला, आणि इंजिनाचा आवाज दुसऱ्या खोलीत गेल्यासारखा कमी झाला. चढ आला, ट्रक आला, गाडीनं धाप न लागता तो ओलांडला. कुठे थरथर नाही, कुठे शिट्टी नाही. गंभीर चेहऱ्याचा हा माणूस त्या दिवशी एकटाच गाडीत हसत होता. तिच्या गावाची पाटी दिसली तेव्हाच ते भानावर आले.

फाट्याशी पेट्रोलपंप होता. तिथे त्यांनी गाडी थांबवली, खाली वाकून तेल ठिबकतंय का पाहिलं, टायरांना हात लावला. सगळं ठीक होतं. समोर डावीकडे वळणारा रस्ता होता, आणि त्याच्या टोकाला हॉस्पिटलची उंच इमारत दिसत होती. तिची खोली त्या इमारतीच्या मागच्या गल्लीत. बघूया थोडा वेळ तिकडे बघत उभे राहिले. वळावं असं त्यांना वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण गाडी अजून आपली नव्हती. कागद व्हायचे होते, मागचे टायर बदलून घ्यायचे होते. असं अर्धवट कशाला जायचं? पुढच्या शनिवारी आपल्या गाडीनं, धुऊनपुसून, ऐटीत जाऊ. शिवाय तापलेल्या इंजिनावर परतीचा चढ बघायचा राहिलाच होता. त्यांनी गाडी वळवली, पण उलट्या बाजूला.

संध्याकाळी त्यांनी आनंदानं फोन केला. गाडी घेतली म्हणाले. सगळ्या गाड्यांत ही एकच अशी, की हायवेला चालेल. आणि पुरावा म्हणून, किंवा खरं सांगायचं तर भेट म्हणून, त्यांनी शेवटी सांगितलं, “तुझ्या फाट्यापर्यंत नेऊन आणली.”

सुरीचा आवाज थांबला.

“कधी?”

“आज. दुपारी.”

“मी घरीच होते,” ती म्हणाली. “शनिवार आहे ना.”

“हो, माहीत होतं की. पण गाडी अजून आपली नव्हती.”

ती ‘बरं’ म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. बघूयांना वाटलं, पातेलं उतू जात असेल.

पुढच्या शनिवारी करडी गाडी इमारतीखाली तयार होती. टाकी भरलेली, मागचे टायर नवे, काच आरशासारखी. बघूया बॅग घेऊन खाली उतरले, तर समोर एक लाल गाडी येऊन थांबली. रंग उडालेली, एक आरसा चिकटपट्टीनं बांधलेला. आतून बायको उतरली. तिनं तिकडे गाडी शिकून घेतली होती, हे त्यांना माहीतच नव्हतं. तिनं सांगितलं असेल तेव्हा ते बहुधा गिअरबॉक्सबद्दल बोलत असतील. हॉस्पिटलच्या रखवालदाराला आपली गाडी विकायची होती. तिनं ती जेवणाच्या सुट्टीत घेतली होती.

ती वर गेली आणि आपलं उरलेलं सामान आवरू लागली. रडली नाही, ओरडली नाही. तिनं सांगितलं, की आता मी तिकडेच राहणार, आणि तुम्ही आला नाहीत म्हणून नाही. लांब होतात तोवर वाट बघता येत होती. फाट्यापर्यंत येऊन माघारी गेलात, त्यानंतर नाही बघता आली.

बघूयांना काहीतरी बोलायचं होतं. त्याऐवजी ते तिच्या बॅगा घेऊन खाली गेले. तिथे सवयीनं त्यांची नजर लाल गाडीच्या मागच्या टायरांकडे गेली. पार गुळगुळीत झाले होते.

“या गाडीनं हायवेवरून आलीस?” ती खाली आल्यावर त्यांनी विचारलं. “ही हायवेची गाडी नाही.”

“माहितीय,” ती म्हणाली. “पण मला यायचं होतं.”

बघूयांनी हात पुढे केला आणि किल्ली मागितली. टायर बदलून आणतो म्हणाले, एवढं तरी करू दे. तिनं किल्ली दिली. ते गेले आणि अर्ध्या तासात परत आले, मागे दोन कोरे टायर बसवून.

तिनं टायरांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “कुठून घेतलेत?”

“कोपऱ्यावरच्या दुकानातून.”

“अजून कुठे बघितलंत?”

“नाही. होते ते घातले.”

ती हात टायरवर ठेवून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, “म्हणजे जमतं तुम्हाला.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बघूयांना तो सोसला असता. तिनं पुढच्या सीटवरची बॅग सरकवली, आरसा हातानं सरळ केला आणि ती निघून गेली. ताई जिन्यातून सगळं बघत होत्या.

करडी गाडी अजून आहे. इंजिन झकास आहे, कुठे थरथर नाही. सहावा गिअर पडायला गल्लीबोळात जागा नसते. बघूया तिच्यातून भाजी आणतात.